हरवलेला रुमाल

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



दर वर्षी आजच्या दिवशी आपल्यापैकी एकीने काहीतरी बोलावे अशी आपल्या मंडळाची रीत आहे. आजवर उन्हाळी वाळवणावर, मुलांच्या खाण्यापिण्यावर, यात्रेच्या अनुभवांवर अशी भाषणे झाली. यंदा पाळी माझ्यावर आली. चिटणीसबाईंनी विचारले, "तुम्ही कशावर बोलणार?" मी म्हटले, "एका रुमालावर." त्यांना वाटले, मी भरतकामाचे टाके शिकवणार! रुमालावर भरतकाम आहे खरे. लाल स्ट्रॉबेऱ्यांची नक्षी त्यावर काढलेली आहे. पण त्या एवढ्याशा कापडापायी चार माणसांचे जीव गेले आणि एक चांगला संसार दोन दिवसांत धुळीला मिळाला. त्याचीच गोष्ट आज सांगायची आहे.

ही गोष्ट शेक्सपिअरच्या 'ऑथेल्लो' नाटकातली. आता तुम्ही म्हणाल, सातवी शिकलेल्या बाईला शेक्सपिअर कुठे भेटला? तर तो मला आमच्या बैठकीच्या खोलीत भेटला. माझी भाची सुटीला आली होती. तिने संगणकावर या नाटकाचा लंडनला झालेला प्रयोग लावला. मी शेंगा निवडत जवळ बसले. मला इंग्रजी काय समजणार? पण थोड्या वेळाने शेंगा तशाच राहिल्या आणि मी भाचीला म्हटले, "थांब, थांब, तो बाप काय म्हणाला ते आधी सांग." असे थांबवीत, विचारीत ते तीन तासांचे नाटक आम्ही तीन संध्याकाळी पुरे केले. पुढे वाचनालयातून वि. वा. शिरवाडकरांनी मराठीत आणलेला 'ऑथेल्लो' मागवून दुपारच्या वेळी वाचला. तेव्हा आज जे सांगते ते ऐकीव नाही, माझ्या डोळ्यांनी पाहिलेले आणि वाचलेले आहे.

ज्यांना गोष्ट ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. ऑथेल्लो हा काळ्या वर्णाचा शूर सेनापती. तो व्हेनिसच्या राज्याच्या नोकरीत आहे. लहानपणापासून त्याने लढाया पाहिल्या, एकदा गुलाम म्हणून विकलाही गेला. व्हेनिसचा एक मोठा सरदार त्याला घरी बोलावतो, जेवूखाऊ घालतो, त्याच्या पराक्रमाच्या गोष्टी ऐकतो. सरदाराची मुलगी डेस्डेमोना घरकाम भराभर आटपून पुन्हा पुन्हा त्या गोष्टी ऐकायला येऊन बसते. (हे वाचले तेव्हा मला हसू आले. कामे आटपून ऐकायला बसायचे, हे आपल्यालाच ठाऊक!) दोघांचे मन जमते आणि ती बापाला न विचारता त्याच्याशी लग्न करते. इतक्यात सायप्रस बेटावर तुर्कांचे आरमार चालून येत असल्याची वर्दी येते, आणि ऑथेल्लोला तिकडे जावे लागते. तीही तिकडे जाते. त्याच्या हाताखाली इयागो नावाचा माणूस आहे. आपल्याला डावलून कॅसिओ नावाच्या दुसऱ्याला बढती दिली म्हणून तो मनात जळतो आहे. तुमची बायको आणि कॅसिओ यांचे सूत आहे, असे विष तो ऑथेल्लोच्या कानात ओततो. पुरावा म्हणून तो रुमाल. ऑथेल्लो आपल्या निरपराध बायकोला गुदमरवून मारतो, आणि खरे कळल्यावर स्वतःचाही जीव घेतो.

हे नाटक राजापुढे १६०४ साली झाल्याची नोंद आहे. म्हणजे चारशे वर्षांवर काळ लोटला. आपल्या मराठीलाही ते परके नाही. १८६७ साली महादेवशास्त्री कोल्हटकरांनी त्याचे भाषांतर केले. पुढे 'शारदा' लिहिणाऱ्या गोविंद बल्लाळ देवलांनी १८९० साली ते 'झुंजारराव' या नावाने आपल्या रंगभूमीवर आणले. ऑथेल्लोचा झुंजारराव झाला, डेस्डेमोनाची कमळजा झाली. त्या काळी आपल्याकडे बायकांची कामे पुरुषच करीत. विलायतेतही पूर्वी तसेच होते. तिकडे १६६० च्या डिसेंबरात धंदेवाईक रंगभूमीवर पहिल्यांदा एक बाई उभी राहिली, आणि ती याच नाटकातली डेस्डेमोना झाली होती असे मानतात. अलीकडचे म्हणाल तर २००६ साली आलेला 'ओंकारा' हिंदी चित्रपट आपल्यापैकी पुष्कळजणींनी पाहिला असेल. त्यात रुमालाऐवजी कमरपट्टा आहे, आणि काळ्या-गोऱ्याच्या जागी जातीचा कमीजास्तपणा आहे. गोष्ट मात्र हीच.

मी पाहिला तो प्रयोग लंडनच्या नॅशनल थिएटरने २०१३ साली केला. दिग्दर्शक निकोलस हायटनर. ऑथेल्लो झाला होता एड्रियन लेस्टर आणि इयागो रोरी किनीअर. त्या वर्षीचे तिथले उत्तम नटाचे एक मोठे बक्षीस या दोघांना मिळून दिले गेले. शब्द सगळे शेक्सपिअरचे, पण काळ आजचा. झगे नाहीत, तलवारी नाहीत. पडदा उघडला तर इयागो दारूच्या दुकानाबाहेर उभा राहून आपल्या वरिष्ठाविषयी कुरकुरतो आहे. पुढे सायप्रस येते ते म्हणजे आजचा लष्करी तळ. उंच भिंती, प्रखर दिवे, पत्र्याच्या तयार खोल्या, आणि ठिपक्याठिपक्यांच्या हिरव्या-मातकट गणवेशातले सैनिक. सायप्रसमध्ये ब्रिटिशांचे लष्करी तळ आजही आहेत, त्यामुळे तिथल्या प्रेक्षकांना हे ओढूनताणून आणलेले वाटले नसणार. तळावरचे वागणेबोलणे खरे दिसावे म्हणून इराकात बसरा येथे काम केलेल्या एका निवृत्त मेजर जनरलचा सल्लाही त्यांनी घेतला होता.

जुन्या नाटकाला नवे कपडे घातल्याने काय साधले, असे मला प्रथम वाटले. मग हळूहळू ध्यानात आले. जुन्या वेशात पाहिले असते तर मी म्हटले असते, हे राजेरजवाड्यांचे प्रकार, आपल्याला काय त्याचे! पण पत्र्याच्या खोलीत साधी खाट आणि तिच्यावर बसलेली एकटी मुलगी पाहिली, तेव्हा ती आपल्या शेजारच्या बिऱ्हाडातली वाटली.

या लष्करी तळाने मला तीन गोष्टी समजावून दिल्या. पहिली ही, की ऑथेल्लो इयागोवर एवढा विश्वास का ठेवतो. आपण म्हणतो, बायकोला विचारायचे सोडून या माणसाचे काय ऐकतो? पण लढाईत ज्याच्या भरवशावर जीव टाकायचा तो हा सोबती. बायको कालची आणि सोबती वर्षानुवर्षांचा. दुसरी ही, की तुर्कांचे आरमार वादळातच बुडते आणि लढाई होतच नाही. मग इतक्या सैनिकांना काम काय? पिणे, मारामाऱ्या आणि कुजबुज. रिकाम्या डोक्यात काय शिजते हे आपल्या आजीने आपल्याला सांगितलेच आहे. आणि तिसरी गोष्ट सगळ्यांत वाईट. त्या तळावर डेस्डेमोनाला आपले असे कोणीही नाही. आई नाही, बहीण नाही, दोन शब्द बोलायला शेजारीण नाही. बापाने तिला टाकलेलीच. मनाविरुद्ध लग्न केले म्हणून माहेरचे दार बंद झालेल्या मुलीची दशा काय होते, हे मी इथे सांगायला नको.

आता त्या बापाविषयी बोलते, कारण शेंगा निवडता निवडता माझा हात थांबला तो त्याच्या बोलण्यावर. हा सरदार ऑथेल्लोला मानाने जेवायला बोलवीत होता. पण तोच जावई झाला म्हटल्यावर काय म्हणतो? याने माझ्या मुलीवर चेटूक केले असले पाहिजे! एरवी आपल्यातली मुलगी अशा काळ्या माणसाकडे जाईलच कशी? आणि जाताना जावयाला बजावतो, हिच्यावर नजर ठेव. हिने बापाला फसवले, उद्या तुलाही फसवील. पंक्तीला चालतो, पण सोयरिकीला चालत नाही. भगिनींनो, ही भाषा आपल्याला नवी आहे का? आपण रंग म्हणत नसू, दुसरे काही म्हणत असू. पण "माणसे चांगली आहेत हो, पण आपल्यातली नाहीत," हे वाक्य आपल्या किती घरांत उंबऱ्याशीच बसलेले असते!

आणि इयागोची करामत अशी की त्याला नवीन खोटे फारसे रचावेच लागत नाही. तो बापाचे वाक्य उचलतो आणि योग्य वेळी पुढे करतो. हिने बापाला फसवले होते ना? आपल्या देशातली, आपल्या रंगाची, आपल्या तोलामोलाची स्थळे हिने नाकारली ना? मग हिचे मन सरळ कसे असेल? म्हणजे ज्या गोष्टीने तिचे प्रेम सिद्ध झाले, त्याच गोष्टीचा तो संशयाला टेकू देतो. त्या प्रयोगात तळावर ऑथेल्लोला तोंडावर कोणी हिणवीत नाही. सगळे सैनिक त्याला मान देतात. म्हणून तर मला वाटले होते, याच्या मनात कसला न्यूनपणा असणार? पण एकटा पडल्यावर तो स्वतःशीच म्हणू लागतो की आपण काळे, आपल्याला गोड बोलता येत नाही, आपले वयही उतरणीला लागले. जगाने ज्याला आयुष्यभर परका मानले, तो एक दिवस स्वतःच स्वतःला परका मानू लागतो. मत्सर पुढे येतो. पण आधी हा कमीपणा जमीन भुसभुशीत करून ठेवतो.

काळ्या माणसाला हे नाटकातच सोसावे लागले असेही नाही. १८३३ साली लंडनमध्ये एडमंड कीन नावाचा गोरा नट तोंडाला रंग लावून ऑथेल्लो करीत असे. तो रंगभूमीवरच कोसळला. त्याच्या जागी आयरा आल्ड्रिज या काळ्या नटाला उभे केले. पण तिथल्या काही वृत्तपत्रांनी त्याच्यावर अशी टीकेची झोड उठवली की दोन प्रयोगांत ते संपले. गुलामगिरी बंद करण्याचा कायदा त्यांच्या पार्लमेंटात त्याच वर्षी झाला, हे विशेष. आल्ड्रिजने मग गावोगावी आणि युरोपभर हिंडून नाव मिळवले आणि १८६७ साली तो पोलंडमध्ये वारला. आपल्याकडे महादेवशास्त्र्यांचे भाषांतर आले तेच हे साल. या आल्ड्रिजवर लोलिता चक्रवर्ती या लेखिकेने 'रेड व्हेल्वेट' नावाचे नाटक लिहिले, आणि २०१२ साली त्यात आल्ड्रिज झाला होता तिचाच नवरा, हा एड्रियन लेस्टर. म्हणजे एका वर्षी त्याने त्या नाकारल्या गेलेल्या नटाचे काम केले आणि दुसऱ्या वर्षी, त्याला नाकारलेले तेच काम लंडनच्या मोठ्या रंगमंचावर स्वतः केले. भाचीने हे सांगितल्यावर मी ती दृश्ये पुन्हा लावायला सांगितली.

पण ज्या पात्राने माझी झोप उडवली ते ऑथेल्लो नव्हे, इयागो नव्हे आणि डेस्डेमोनाही नव्हे. ती एमिलिया. इयागोची बायको आणि डेस्डेमोनाची सोबतीण. प्रयोगात हे काम लिंडसे मार्शल या नटीने केले, आणि तिला दिला आहे सैनिकाचाच गणवेश. म्हणजे घरी नवऱ्याचा हुकूम आणि बाहेर लष्कराचा हुकूम. हुकूम ऐकायची तिला दुहेरी सवय.

रुमाल हरवतो कसा ते ऐका. ऑथेल्लोचे डोके दुखते. डेस्डेमोना त्याच्या कपाळाला रुमाल बांधू पाहते, तो झटकतो आणि रुमाल खाली पडतो. त्याचीच सेवा करताना पडलेला रुमाल तिच्या पापाचा पुरावा होतो! हा ऑथेल्लोने तिला दिलेला पहिला नजराणा, त्याच्या आईचा. एमिलिया तो उचलते. नवरा कधीपासून तिच्या मागे लागलेला असतो, की तो रुमाल मला आणून दे. कशाला, ते तिला ठाऊक नाही. ती म्हणते, तेवढीच त्याची मर्जी राहील. आणि देते. एवढेच. यात तिचा दुष्टपणा काडीइतका नाही. घरात कटकट नको म्हणून आपण रोज अशा किती गोष्टी करतो!

पण पुढे तिला बोलायला तीन वेळा संधी मिळते. पहिल्यांदा डेस्डेमोना कावरीबावरी होऊन तिलाच विचारते, की माझा रुमाल कुठे गेला असेल गं? एमिलिया सांगते, मला माहीत नाही. दुसऱ्यांदा तिच्या देखत ऑथेल्लो बायकोवर ओरडतो, रुमाल आण, रुमाल आण. एमिलिया तिथेच उभी असते. गप्प राहते. तिसऱ्यांदा ऑथेल्लो खुद्द तिलाच विचारतो, की माझ्या बायकोचे वागणे कसे? तेव्हा ती जिवाच्या आकांताने सांगते की ती निर्मळ आहे, कोणा हलकटाने तुमच्या मनात हे भरवले असेल तर देव त्याला शिक्षा करो. सारे सांगते, पण रुमालाचे तेवढे सांगत नाही. कदाचित तिला त्याचा संबंध कळलेलाच नसेल. कदाचित कळूनही जीभ रेटली नसेल.

इथे भाचीने विचारले, "मावशी, हिने त्या वेळी सांगितले असते तर नाटकच संपले असते, नाही?" मी काही उत्तर दिले नाही. उठून स्वयंपाकघरात गेले. का गेले ते आज सांगते.

ही गोष्ट वीस-एक वर्षांपूर्वीची आहे. आम्ही तेव्हा एका जुन्या वाड्यात दोन खोल्यांत राहत होतो. त्या वाड्यातल्या दोघीतिघी आज इथे बसल्या आहेत, त्यांना आठवेल. आमच्या शेजारच्या खोलीत एक नवे बिऱ्हाड आले. नवरा, बायको आणि एक लहान मुलगी. माणसे स्वच्छ, कष्टाळू. पण आपल्यातली नव्हेत. आम्ही सगळ्या तिच्याशी बोलत असू, तिच्याकडून वाटीभर साखरही आणत असू. पण तिच्या पाठीमागे आवाज खाली करून बोलत असू. संक्रांतीनंतरचे हळदीकुंकू मालकांच्या घरी झाले. त्या दिवशी त्यांची चांदीची गुलाबदाणी नाहीशी झाली.

कोणी घेतली? कोणी नाव घेतले नाही. कोणी म्हणाले, "आजवर असे कधी झाले नव्हते बाई." कोणी म्हणाले, "नवीन कोण कोण आले होते गं?" बस्स. इयागोने तरी याहून काय जास्त केले? दोन दिवसांत साऱ्या वाड्याला ठाऊक झाले की गुलाबदाणी कोणी नेली.

आणि भगिनींनो, मला ठाऊक होते की तिने नेलेली नाही. त्या संध्याकाळी दिवेलागणीला मी जिन्यात उभी होते. घरातल्याच एका माणसाला ती वस्तू पिशवीत घालून बाहेर जाताना मी पाहिले होते. पिशवीतून तिची मान वर आलेली मला अजून दिसते. मी रात्री हे घरात सांगितले. उत्तर मिळाले, "आपण भाडेकरू. तोंड उघडलेस तर उद्या खोली सोडावी लागेल. आपल्याला काय करायचे आहे?" त्यात काही खोटे नव्हते. खोली खरोखरच गेली असती, आणि माझ्या कडेवर तान्हे मूल होते.

चार दिवसांनी ती बाई स्वतः माझ्या दाराशी आली. आत आली नाही, चौकटीशीच उभी राहिली. म्हणाली, "वहिनी, तुम्ही त्या दिवशी जिन्यात होता ना? तुम्ही काही पाहिलेत का?" तिला काय वाटले असेल कोण जाणे. वाड्यात एवढ्या बायका असताना ती माझ्याच दारी आली होती. आणि मी म्हटले, "नाही बाई. मला काही ठाऊक नाही."

दोन महिन्यांत त्यांनी बिऱ्हाड हलवले. जायच्या दिवशी माझ्या दोन वाट्या तिच्याकडे होत्या त्या परत द्यायला ती आली. घासूनपुसून लख्ख केलेल्या. माझ्या हातात देत म्हणाली, "मोजून घ्या." दोनच वाट्या! त्या मोजायच्या काय होत्या? पण ती म्हणाली, "मोजून घ्या, वहिनी." मी खाली पाहून मोजल्या. एक, दोन. तिची लेक तिच्या पदराशी उभी राहून माझ्याकडे पाहत होती. ती आता मोठी झाली असेल. तिच्या आईला लोकांनी चोर ठरवले एवढे तिला आठवत असेल. तिच्या आईने चोरी केलेली नाही, हे सांगणारे त्या वेळी एक माणूस होते, हे मात्र तिला कधीच कळणार नाही.

कोणी म्हणेल, कोणाचा जीव तर गेला नाही ना? नाही गेला. पण एका बाईचे नाव गेले, आणि बाईमाणसाचे नाव गेल्यावर मागे काय उरते ते आपण जाणतो. आता तो वाडाही राहिला नाही, तिथे मोठी इमारत उभी आहे. ज्यांच्या भीतीने मी गप्प बसले ते लोकही गाव सोडून गेले. माझे गप्प बसणे तेवढे माझ्यापाशी राहिले.

आता एमिलियाचे पुढे काय झाले ते सांगून पुरे करते. ती दार ठोठावते तेव्हा आत घात होऊन गेलेला असतो. डेस्डेमोना क्षणभर शुद्धीवर येते. हे कोणी केले म्हणून एमिलिया विचारते, तर ती पोर नवऱ्याचे नाव घेत नाही, आपल्यावरच घेते आणि प्राण सोडते. मग ऑथेल्लो सांगतो की हिने तो रुमाल दुसऱ्याला दिला होता. त्या क्षणी एमिलियाच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडतो. नवरा तिथेच उभा आहे. तो हुकूम सोडतो, गप्प बस, घरी जा. आणि आजवर हुकूम ऐकत आलेली ती बाई भरसभेत म्हणते, की नवऱ्याचे ऐकावे हे खरे, पण आत्ता नाही. तो रुमाल मला सापडला आणि मीच माझ्या नवऱ्याला दिला. एवढे एक वाक्य. त्या एका वाक्याने इयागोचे सारे कारस्थान कोसळते. नवरा तिला भोसकतो. मरताना ती म्हणते, मला माझ्या बाईसाहेबांशेजारी ठेवा.

गणवेशातली ती बाई त्या पत्र्याच्या खोलीत, वरिष्ठांच्या आणि नवऱ्याच्या तोंडावर बोलत होती, तेव्हा माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होते. भाचीला वाटले, डेस्डेमोनासाठी. तसे असते तर बरे होते.

सायप्रसला पोहोचल्यापासून शेवटच्या रात्रीपर्यंत जेमतेम दीड दिवसाचा काळ नाटकात जातो. एमिलिया बोलली, पण एक रात्र उशिरा बोलली. मला तर वीस वर्षे लागली. म्हणून आज तुमच्यापुढे हे सांगितले. सांगितल्याने त्या बाईचे नाव परत येणार नाही, हे मला कळते. पण त्या वाड्यातल्या ज्या इथे आहेत त्यांनी आज घरी जाऊन एवढे तरी म्हणावे, की गुलाबदाणी तिने नेली नव्हती. तेवढे माझ्यासाठी करा. आणि तिचा ठावठिकाणा कोणाला माहीत असेल तर कार्यक्रम झाल्यावर मला जरूर सांगा. मला तिच्या दाराशी जायचे आहे.

आपल्या मंडळाला मी एकच विनंती करते. आपल्याकडे भिशी आहे, भांड्यांचे कपाट आहे, हळदीकुंकू आहे, सहली आहेत. उद्या काही हरवेल, कोणाविषयी काही कानावर येईल. आणि जिच्याविषयी येईल ती बहुधा नवी असेल, एकटी असेल, आपल्यातली नसेल. त्या वेळी आवाज खाली करून बोलण्याआधी तिला समोर बसवून विचारू या. ऑथेल्लोने सगळ्यांना विचारले, पण बायकोजवळ शांतपणे बसून 'तू रुमाल कुठे पाहिलास शेवटचा' एवढे विचारले नाही. आणि आपल्यापैकी जिने काही पाहिले असेल तिने ते त्याच दिवशी सांगावे. तिला घरच्यांची भीती वाटत असेल तर एकटीने सांगू नये. आपण चौघीजणी तिच्याबरोबर उभ्या राहू. एमिलियापाशी त्या तळावर चौघी नव्हत्या. माझ्यापाशी होत्या, पण मी त्यांना कधी विचारले नाही. मंडळ असते ते याचसाठी, असे मला वाटते.